विशेष शाळेच्या खुर्चीवर कुणाला बसवावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेला मुख्याध्यापक हवा असला, की संचालक मंडळाच्या बैठकीत पहिली विचारणा होते ती अनुदानाची फाईल हलवता येईल का आणि अधिकाऱ्यांशी कन्नडमध्ये बोलता येईल का, याची. मीही याच खुर्चीवरून निवृत्त झाले असल्याने या अटींची निकड मला ठाऊक आहे. तरीही वर्गात कधीच न शिकवलेल्या व्यक्तीला ते पद देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शर्टाचे बटण लावायला शिकवताना आमची शिक्षिका बटण काजातून अर्धे ढकलून देते आणि मुलाला फक्त शेवटचे ओढून घ्यायला सांगते. ते जमले, की हळूहळू एकेक पायरी मागे जाते, कारण पहिल्या दिवसापासूनच ‘मी लावले’ हा आनंद मुलाला मिळायला हवा. यात कित्येक आठवडे जातात आणि वहीत दाखवण्यासारखे काहीच नसते. हे काम ज्याने स्वतः केलेले नाही, त्याला दारातून शिक्षिका नुसतीच बसलेली दिसते, मग तो वह्या मागतो आणि ती बिचारी मुलांचे हात धरून अक्षरे गिरवून घेऊ लागते.

विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या शिक्षिका आधीच कमी. सर्वसाधारण शाळांत प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवले आहे. त्या जागा भरल्या गेल्या, तर मानधनावर राबणाऱ्या आमच्या शिक्षिका तिकडे जातील आणि त्यांनी जावेच. ज्या थांबतील, त्या आपले काम ओळखणारे कुणीतरी वर आहे म्हणून थांबतील.

मराठी घरांतल्या आयांशी बोलणे हेही याच पदाचे काम आहे. मूल अठरा वर्षांचे झाले, की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते आणि 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, हे अनेकींना बँकेच्या खिडकीवरच कळते. कन्नड अर्ज भरायला चांगला कारकून नेमता येतो, पण त्या आईला हे चार वर्षे आधी, तिच्या भाषेत, न घाबरवता सांगायला मुलाला जवळून ओळखणारेच माणूस लागते.