अख्खं पाकीट ओढायला लावा म्हणे!

धाकट्या बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, हे करून बघू का?" तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात सिगारेट सापडली होती. फॉरवर्डचं शीर्षक 'मुलगा सिगारेट ओढतो? घाबरू नका!', खाली सात मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'. बहिणीला फोनवर जे सांगायचं ते सांगितलं. पण नंतर हाच मजकूर आणखीही काही जणांकडून आला, आणि पाठवणारे सगळे शिकलेसवरलेले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलाच मुद्दा सगळ्यात भयंकर. "मुलाला समोर बसवा आणि एका बैठकीत अख्खं पाकीट ओढायला लावा. उलटी होईल, जन्मात पुन्हा नाव काढणार नाही. परदेशात डॉक्टरसुद्धा हेच करतात."

उलटी होईल, यात शंका नाही. आधी तोंडाला पाणी सुटेल, चेहरा पांढराफटक पडेल, हातपाय गार होतील, दरदरून घाम फुटेल, छाती धडधडेल आणि मग उलटी होईल. याला निकोटिनची विषबाधा म्हणतात. शेतात ओली तंबाखू हाताळणाऱ्यांनाही कातडीतून निकोटिन शिरून हाच त्रास होतो. ज्या शरीराला सवय नाही त्यात एकामागून एक वीस सिगारेटी ढकलायच्या, त्याही आईवडिलांनी, समोर बसून! एखादं पोर बेशुद्ध पडलं तर डॉक्टरला काय सांगणार, फॉरवर्डमध्ये लिहिलं होतं?

बरं, एवढं करून उपयोग तरी होतो का? ओढणाऱ्या कोणालाही विचारा, पहिली सिगारेट कशी लागली होती. बहुतेक जण सांगतील, घाण लागली, ठसका लागला, डोकं गरगरलं. तरी आज ते ओढतातच आहेत. मळमळीने माणसं सुटली असती तर जगात सिगारेट ओढणारं कोणी उरलंच नसतं. शरीर सगळ्यात आधी सरावतं ते या मळमळीलाच. चारदोन वेळा त्रास होतो, मग कमी होतो, मग होईनासा होतो. मुलाला वाटतं, आता जमायला लागलं. प्रत्यक्षात मेंदूने निकोटिनशी जुळवून घ्यायला सुरुवात केलेली असते.

या मुद्द्यावर एक आकडा मी सगळ्यांना पाठवते आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली आठ सर्वेक्षणं एकत्र करून तपासली. माणसं 2 लाखांहून जास्त. प्रश्न साधा होता: ज्यांनी आयुष्यात एक तरी सिगारेट ओढून पाहिली, त्यांच्यातले किती जण पुढे रोज ओढायला लागले, निदान काही काळासाठी? उत्तर आलं सुमारे 69 टक्के. म्हणजे तिघांतले दोघे. ही माहिती लोकांच्या आठवणीवर आधारलेली आहे, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होऊ शकतो, हे त्या संशोधकांनीच सांगितलं आहे. पण तो निम्म्यावर आणला तरी विचार करा, कोणता आईबाप एवढा जुगार खेळेल? 'एकदा ओढून तर बघ' यातलं 'एकदा'च धोक्याचं आहे, आणि हा फॉरवर्ड ते 'एकदा' घरपोच करायला सांगतो. तेही गुणिले वीस.

'परदेशातले डॉक्टर' हा भाग कुठून आला असावा, याचा अंदाज आहे. दर काही सेकंदांनी झुरका घ्यायला लावून किळस निर्माण करायची अशी एक पद्धत 1970 च्या दशकात वापरली जायची. ती होती वर्षानुवर्षं ओढणाऱ्या, स्वतःहून सोडायला आलेल्या प्रौढांसाठी, देखरेखीखाली. पुढे त्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला तेव्हा पद्धत खरोखर लागू पडते असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा निघाला नाही. नुकतीच सुरुवात केलेल्या मुलांशी तिचा संबंधच नव्हता.

दुसरा मुद्दा: "कधीतरी एखादी ओढली तर काही होत नाही, व्यसन लागायला वर्षं जातात." मोठ्यांच्या बाबतीत हे खपून गेलं असतं, मुलांच्या बाबतीत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सातवीतल्या मुलांचा पाठपुरावा करून एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्यातून एखादी ओढायला लागलेल्या मुलांपैकी 22 टक्क्यांत चार आठवड्यांच्या आतच व्यसनाचं एखादं लक्षण दिसलं: तलफ येणं, नसली की चिडचिड होणं, ठरवूनही राहवत नाही असं वाटणं. झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. आणि मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. 'वर्षं जातात' म्हणणाऱ्याने रोज पाकीट संपवणारा माणूसच फक्त व्यसनी धरलेला दिसतो.

हुक्क्याचा मुद्दा एका दमात उरकते. "पाण्यातून धूर गाळला जातो" म्हणे. पाण्याने धूर गार होतो. गार झाला म्हणून जास्त खोल ओढला जातो. शिवाय कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड फुकट. झालं.

चौथा मुद्दा व्हेपचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटचा: "व्हेप म्हणजे नुसती वाफ, सिगारेटपेक्षा बरी, मुलाला तीच घेऊन द्या." इथे अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं. जो माणूस वर्षानुवर्षं सिगारेट ओढतोय आणि ती पूर्ण सोडून व्हेपवर जातो, त्याच्या अंगात विषारी पदार्थ कमी जातात. काहींची सिगारेट यामुळे सुटते, हेही चाचण्यांत दिसलं आहे. पण हा हिशोब आधीपासून ओढणाऱ्याचा. ज्या मुलाने अजून नीट सुरुवातही केलेली नाही त्याला त्यातून मिळतं ते निकोटिन.

'नुसती वाफ' हे तर धादांत खोटं. आत तापतं ते प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, आणि त्यात निकोटिन व चवीवासाची रसायनं मिसळलेली असतात. यातली खरी चलाखी कळायला हवी. निकोटिन जास्त असलं की घशाला टोचतं, ठसका लागतो, नवखं पोर थांबतं. 2015 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेल्या जूल या व्हेपने निकोटिनला आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार (सॉल्ट) केला. टोचणं गेलं, मात्रा मात्र भरपूर राहिली. एका पॉडमध्ये, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या छोट्या कुपीत, साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतकं निकोटिन, असं कंपनीच सांगायची. म्हणजे पहिल्या मुद्द्यात ज्या ठसक्याच्या आणि उलटीच्या भरवशावर हे लोक बसलेत, तो ठसकाच उत्पादकांनी काढून टाकलाय! 2019 पर्यंत तिथल्या हायस्कूलमधली 27.5 टक्के मुलं व्हेप ओढत होती.

पाचवा: "कायदे करा, शाळेत भाषणं द्या, काही फरक पडत नाही, मुलं ओढणार ती ओढणारच." यातलं भाषणांबद्दलचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे, आणि शाळांना ते आवडणार नाही. वॉशिंग्टन राज्यात 40 शालेय जिल्ह्यांत तिसरीपासून बारावीपर्यंत मुलांना 'नाही म्हणायला' शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. 2000 मध्ये निकाल आला: शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांत फरक नाही. काळ्या फुप्फुसाचं चित्र दाखवून टाळ्या वाजवून घरी पाठवणं यापेक्षा फार वेगळं नसतं. पण म्हणून काहीच चालत नाही? अमेरिकेतल्याच हायस्कूलमध्ये 1997 साली 36.4 टक्के मुलं सिगारेट ओढणारी होती, 2019 मध्ये 6 टक्के. मधल्या काळात मुलं अचानक शहाणी झाली नाहीत. कर वाढले, जाहिरातींवर बंधनं आली, सार्वजनिक ठिकाणी धूर बंद झाला, दुकानदारांची तपासणी सुरू झाली. किंमत वाढली की सगळ्यात आधी मुलं मागे हटतात, कारण त्यांच्या खिशात पैसे कमी असतात. व्हेपचा 27.5 चा आकडाही 2024 मध्ये 7.8 वर आला. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम गावाने 2005 मध्ये विक्रीचं किमान वय 21 केलं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांचं ओढणं 13 टक्क्यांवरून 7 वर आलं. शेजारच्या गावांत ते एवढं घटलं नाही. कारण उघड आहे: पंधरा वर्षांच्या मुलाला सिगारेट आणून देतो अठरा-एकोणीसचा मित्र. एकवीस वर्षांचा माणूस त्याच्या टोळक्यात नसतो.

यानंतर फॉरवर्ड म्हणतो, "तंबाखू कंपन्याही मुलांनी ओढू नये असंच सांगतात. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं तो ठरवेल." हे वाचून हसू आलं. फिलिप मॉरिस या बड्या सिगारेट कंपनीच्या 1981 च्या अंतर्गत अहवालात साफ लिहिलंय की आजचा किशोर हा उद्याचा संभाव्य नियमित ग्राहक आहे. हे कागद पुढे खटल्यांमुळे उघडे पडले. त्याच कंपनीने 1998 मध्ये मुलांसाठी धूम्रपानविरोधी जाहिराती काढल्या. संशोधकांनी परिणाम तपासला, तर त्या पाहिलेल्या मुलांचं कंपन्यांबद्दलचं मत उलट जास्त चांगलं दिसलं. 'हा मोठ्यांचा निर्णय आहे' असं चौदा वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे मोठं व्हायचा रस्ता दाखवणंच की! अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारच्या प्रमुख डॉक्टरच्या) 2012 च्या अहवालानुसार रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी 88 टक्क्यांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते आणि 99 टक्क्यांनी सव्विसाव्यापर्यंत. तेव्हा 'त्याचं तो ठरवेल' ते वय येईपर्यंत बहुतेकांचं ठरून गेलेलं असतं.

सातवा मुद्दा नव्वदीपर्यंत ओढत जगलेल्या कोणाच्या तरी पणजोबांचा. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली तेव्हा आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. पणजोबांना नमस्कार.

आता दप्तरात सिगारेट सापडलीच असेल तर? ओरडून किंवा पाकीट हातात देऊन मुलगा पुढच्या वेळी जास्त नीट लपवायला शिकेल. शांतपणे विचारा: कोणी दिली, कधीपासून, एकटा असतानाही ओढतोस का. घरातलं मोठं माणूस ओढत असेल तर त्याने निदान घरात ओढणं त्याच दिवशी बंद करावं. ते न करता मुलाला विचारायला बसू नका. आणि एक प्रश्न जरूर विचारा: सकाळी उठल्यावर किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत असं उत्तर आलं तर व्यसन चांगलंच मुरलंय, मग समजावणं पुरणार नाही, डॉक्टरकडे घेऊन जा. बहिणीच्या मुलाने या प्रश्नावर "म्हणजे काय?" असं विचारलं. तेव्हा तिथे अजून बोलून भागण्यासारखं आहे.