म्हणे, घरचं हलकं काहीतरी द्या!

मे महिन्याची दुपार, ठाणं, पत्र्याची वॉचमन केबिन. तिथे ठेवलंय आईच्या टीपीएनचं, म्हणजे थेट शिरेतून द्यायच्या जेवणाच्या बॅगांचं खोकं! वर ढळढळीत छापलंय, 2 ते 8 अंश, मिळताच फ्रिजमध्ये. पण त्या डिलिव्हरीवाल्या पठ्ठ्याने कुणाच्या तरी बुटांच्या पार्सलखाली सरकवलं आणि बेलही न वाजवता पसार. मोबाइलवर मेसेज: डिलिव्हर्ड. संध्याकाळी ऑफिसातून येते तर वॉचमनकाका सांगतायत, "ताई, तुमचं दूध आलंय." दूध नाही हो काका, लिपिड आहे ते, शिरेतून द्यायचं फॅट! हे मी एवढ्या जोरात ओरडले की लिफ्टजवळची पोरं पळाली.

आत आइसपॅकचं कोमट पाणी झालेलं. कस्टमर केअरला फोन लावला. आधी बासरी ऐकवली, मग एक मधाळ आवाज: "मॅडम, न्यूट्रिशन प्रॉडक्टच आहे ना? मग आजच्या दिवस पेशंटला घरचं हलकं काहीतरी द्या."

अगं बाई! घरचं हलकं आतड्यातून पुढे सरकत असतं तर छातीत हिकमन लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी ती नळी, काय हौसेने बसवून घेतली होती? स्क्लेरोडर्माने, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या आजाराने, आतडी ढिम्म झालीत म्हणून तर जेवण शिरेतून जातं. हे बॅगा विकणाऱ्यांना मी शिकवायचं! वर म्हणते, "तुमची कम्प्लेंट रेज केलीये." छान. मग आज रात्री बारा तास आईला कम्प्लेंटच लावते. शेवटी डॉक्टरांना विचारून नुसतं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, लावलं.

आणि ते इन्शुरन्सवाले! ॲडमिट असताना तीच बॅग उपचार, घरी आली की आहार. खालच्या काकूंची भाताची पेज तर संपतच नाही. "त्यांना स्वतःला नाही का लावता येत?" असं विचारणारी मावसबहीण निराळीच. अगं, फ्रिजचं दार धरलं तरी आईची बोटं पांढरी पडून निळी होतात, नळीचा क्लॅम्प दाबायला वळतच नाहीत. थंडी वाजून ताप आला तेव्हा "व्हायरल असेल" म्हणणारे कॅज्युअल्टीतले ते डॉक्टर! लाइनमधून इन्फेक्शन झालंय का बघायला लाइनचं कल्चर घ्या म्हणून मी तिथेही घसा फोडला होता.

हल्ली आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी हात धुवायला साबण मिळतो. लोक येणं कमी झालंय. त्याबद्दल मात्र तक्रार नाही.

नवी बॅग उद्या येणार. कधी? "सकाळी नऊ ते रात्री नऊच्या मध्ये कधीही, मॅडम." एवढ्या वेळात घोडबंदरचा ट्रॅफिकसुद्धा सुटतो हो!