दीड पोतां सिमेंट

पंखा पुसायला पलंगावर चढलो आणि फळी मोडली, बस्स एवढंच. गणपती आठ दिवसांवर, पात्यांवर बोटभर धूळ आणि शिडी शेजाऱ्यांनी नेलेली. कटाक् आवाज झाला आणि माझा डावा पाय गादीसकट खाली. बायको आतून ओरडली, "पंख्याला काय झालं नाही ना?"

जिथून पलंग घेतला त्या दुकानात फोन केला तर म्हणे फळी सुटी येत नाही, नवीन पलंग बघा, ऑफर चालू आहे. एका फळीसाठी पलंग! आणि आमच्या सिंधुदुर्गात चतुर्थीच्या तोंडावर सुतार मिळणं म्हणजे... असो. दोन रात्री खालून जांभ्याचा चिरा लावून काढल्या. चिऱ्याची लाल माती लादीवर सांडते आणि सकाळी बायको ती पुसताना एक शब्द बोलत नाही, ते जास्त लागतं.

तिसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे पिशवीत घालून मेस्त्रींच्या कारखान्यावर गेलो. सगळीकडे पाट, चौरंग, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीच्या चौकटी. मेस्त्रींनी मान वर न करता जाडी विचारली. मी म्हटलं, दोन सेंटीमीटर असेल. रंधा थांबला. "सुतात सांगा." इंचाचे आठ सूत हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही, आणि शाळेत जे शिकवलं ते कुठेच लागत नाही. शेवटी त्यांनीच पट्टी लावली, सहा सूत.

तिथे स्टुलावर एक आबा बसलेले. त्यांचं काही काम नव्हतं, चहा पीत होते.

"खयची फळी?"

"पलंगाची."

"मदली?"

"हो."

"मदलीच कशी मोडली?" आबांनी कप खाली ठेवला. "रात्रीची मोडली काय दिवसाची?"

चौरंगाला पॉलिश मारणारा पोरगा हसला. मी म्हटलं, "आबा, पंखो पुसूक वर चडललंय."

"पंखो," आबा म्हणाले, जसं काय जन्मात पहिल्यांदाच ऐकला शब्द. "बरां. वजन किती तुमचा?"

आता हे सांगायची मला काय गरज होती? पण शेचाळीस वर्षांचा माणूस कोकणात आबा लोकांना नाही म्हणू शकत नाही, संस्कार म्हणा किंवा भित्रेपणा. ब्याऐंशी म्हटलं. आबांनी बोटं मोडून हिशोब केला.

"म्हणजे दीड पोतां सिमेंट, वर सात किलो." मग मेस्त्रींकडे वळून, "मेस्तांनू, फळी दीड पोत्याची करा हां."

हिशोब बरोबर होता, त्याचाच राग आला. माझ्या पोटावर बोलायला ह्यांना कोणी ठेवलंय? आमच्याकडे माणूस कुठे पडला की आधी त्याचं वजन निघतं, मग पगार, मग लागलं का.

पण मग आबांनी तुकडा हातात घेतला, मोडलेल्या जागेवर अंगठा फिरवला आणि आवाजच बदलला. "गाठ बघा ही. गाठ खाली घातलेली हा कोणी. वजन पडला काय खालची बाजू ताणता, गाठीकडसून मोडता. गाठ असली तर वर व्हयी." खरंच, सुपारीएवढी काळपट गाठ होती आणि तिच्याभोवतीच फाटलं होतं. म्हणजे चूक पलंग बनवणाऱ्याची! हे पोराला मोठ्याने सांगा ना आबा! नाही. त्यांनी चहा उचलला.

मेस्त्रींनी फणसाची एक फळी काढली, पिवळीधम्मक, बिनगाठीची. टोकांना आधी गिरमिटाने भोकं पाडून दिली, नाहीतर स्क्रू मारताना उभी चीर जाते म्हणाले. घरी येऊन बसवली तर ती बाकीच्यांपेक्षा दोन सूत वर. गादी कापसाची, जुनी. रात्रभर बरगडीखाली. फोन केला तर मेस्त्री म्हणाले, "आठ सुताची दिली मुद्दाम. आबांनी सांगितलेलं ना."

रंधा मारून द्या म्हटलं. चतुर्थी झाल्यावर या म्हणाले. मागून त्या पोराचा आवाज आला, "दीड पोतां काय?"