जुरीला बसताय? मग हे पाठ करा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात डिझाइनच्या फायनल जुरीला, म्हणजे शीट आणि मॉडेल मांडून द्यायच्या परीक्षेला, बाहेरून एक सर आले होते. चार वर्षांत जे कळलं नाही ते त्यांनी दीड तासात शिकवलं. उद्या तुम्हालाही कुठून बोलावणं येईल, म्हणून लिहून ठेवते.

शब्दांचे दोन डबे जवळ ठेवा. मुलगी शीट लावून उभी राहिली की ‘नीटनेटकं’, ‘मेहनत दिसते’, ‘रंगसंगती छान’. मुलगा उभा राहिला की ‘बोल्ड’, ‘व्हिजन’. डबे बदलू देऊ नका.

त्याचं मॉडेल टेबलावरच कोसळलं, तर त्याला प्रयोग म्हणा.

काम दोघांनी केलं असेल तर प्रश्न त्याला विचारा, तिला स्लाइड पुढे सरकवू दे. लाजू नका, वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा प्रिट्झकर पुरस्कारसुद्धा १९९१ साली एकट्या रॉबर्ट व्हेंचुरींना मिळाला. बरोबरीने काम करणाऱ्या डेनिस स्कॉट ब्राउन बाजूलाच राहिल्या.

‘टेक्स्टाइलला का नाही गेलीस?’ हे विचारायला विसरू नका. १९१९ साली सुरू झालेल्या बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेनेही समानतेच्या गप्पा मारत बहुतेक मुलींना विणकामातच धाडलं होतं. (तोच विभाग पुढे बरे पैसे मिळवायला लागला, पण ते आपण बोलायचं नाही.)

आता मुख्य धडा. विषय होता मालवणच्या बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांसाठी ओटा. मी नऊ दिवस पहाटे लिलावाला जाऊन बसले. आदोळी (मासे कापायची विळी) कुठे टेकते, पाटी किती उंचीवरून उतरवली की कंबर धरते, बर्फाचं पाणी कुणाच्या साडीवर येतं, सगळं मोजलं आणि ओट्याला मागच्या बाजूला उतार दिला. वर्गातल्या एकाने ओटा म्हणून पांढराशुभ्र शिंपला केला. एका काकींना त्याचं चित्र दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “बरा असा, पण पाणी जातला खंय गो?” सरांना मात्र शिंपला बघून भरून आलं. किती सहज सुचलंय म्हणे! आणि मला? “मुली निरीक्षण छान करतात, झेप तेवढी कमी पडते.”

झेप? अहो, तो उतार हीच कल्पना होती! २०१५ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना वास्तुरचनेची तीच चित्रं दाखवली, कुणाला पुरुषाच्या नावाने, कुणाला बाईच्या. पुरुषाचं नाव असलं की तेच काम जास्त सर्जनशील वाटलं. फॅशन डिझाइनरच्या बाबतीत मात्र हा फरक दिसला नाही. बाईने कपडे शिवले की कुणाला खुपत नाही ना! म्हणजे तुम्ही शीट बघतच नव्हता सर, शीटशेजारी कोण उभं आहे ते बघत होता. आणि वर आम्हालाच विचारता, मुलींना सुचत का नाही?

तुमचा लाडका शिंपला कॉलेजच्या आवारात ठेवलाय. पहिल्या पावसापासून त्यात पाणी साचलंय, डासांनी अंडी घातलीत. वेळ काढून या आणि स्वतःच्या हाताने उपसा.