खुलासा: ऑस्ट्रिओकॉकस जिवाणू नव्हे

‘ऑस्ट्रिओकॉकस हा समुद्रातला हिरवा जिवाणू आहे’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे; हे एकपेशीय हरित शैवाल आहे. पेशी जेमतेम ०.८ मायक्रोमीटरची, कित्येक जिवाणूंहून लहान, त्यामुळे गल्लत होते खरी. पण आकारावरून वर्ग ठरत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या एवढ्याशा पेशीत केंद्रक, एक हरितलवक आणि एक तंतुकणिका दाटीवाटीने बसलेली दिसतात; जिवाणूत यातलं काहीच नसतं.

दक्षिण फ्रान्समधल्या एका खाजण सरोवरात सापडलेली ही प्रजाती हरित शैवालांच्या क्लोरोफायटा संघातली. पूर्वी तिला प्रॅसिनोफायसी वर्गात टाकत (तो वर्ग म्हणजे दुसरीकडे न बसणाऱ्या शैवालांची अडगळीची खोलीच होती). २०१० पासून वर्ग मामिएलोफायसी, गण मामिएलालेस. नातलगांपैकी मायक्रोमोनासला कशाभिका (पोहण्यासाठीची चाबकासारखी शेपटी) असते, बॅथिकॉकसला खवले; हिला दोन्ही नाहीत.