गाडी आणली बंगळुरूहून, हाडं झिजतायत इकडं

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६ वाचा एकदा. एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी देशात दुसरीकडं कुठंही परत रजिस्टर करायची गरज नाही, तिचं आरसी अख्ख्या भारतात चालतं. वाचून छाती फुगते ना? आता त्याच्याच खालचं कलम ४७ वाचा, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की तिथला नवा नंबर घ्यायचा. आणि आमच्यासारखी गाडी विकतच घेतली असेल तर नावावर करायचा अर्ज ३० दिवसांत. झालं, फुगलेली छाती गेली खाली.

आम्ही बंगळुरूहून सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेतली. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली आहे, मागं दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर. आईचे गुडघे गेलेत, हॉटेलचे जिने होत नाहीत, म्हटलं घरच सोबत घेऊन फिरू. इकडं महाराष्ट्रात तशी तयार गाडी बजेटमध्ये मिळेना, तिकडं मिळाली. हायवे एकच, भाषा बदललेली पाट्यांवरून कळते तेवढीच, बाकी रस्ता तोच आणि टोलही तसाच.

पण गाडीला मात्र व्हिसा लागतो! त्याचं नाव एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला. फॉर्म २८, तोही तीन-चार प्रतींत, आणि प्रत्येकीवर चेसिस नंबरचा पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा. मालकाच्या डोक्यावरचं बँकेचं कर्ज आधी आरसीवरून उतरवायचं, मग गाडी चोरीची नाही याचा पोलिसांचा रिपोर्ट. हे ठीक आहे, चोरीच्या गाड्या फिरतात, तपासा, माझी ना नाही. पण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत आरटीओनं हो-नाही कळवलं नाही तर एनओसी मिळाली असं समजायचं. हे तिकडच्या काउंटरवर बोलून बघा. आमच्यासाठी त्या गाडीच्या मालकानं बोलून बघितलं. समोरचा माणूस हसला म्हणे.

बरं, ती एनओसी घेऊन इकडं आलो तर खरा तमाशा इथं. "ही ट्रॅव्हलर आहे, टूरिस्ट गाडी, परमिट कुठाय?" अहो साहेब, आरसीवर क्लास, म्हणजे गाडीचा प्रकार, कॅम्पर व्हॅन, प्रायव्हेट यूज लिहिलाय. "असला क्लास आमच्याकडं येत नाही." येतो हो! वाहन नावाची एकच सिस्टीम आहे, तिकडचा माणूस तीच उघडतो आणि तुम्ही पण तीच उघडता, त्या यादीत कॅम्पर व्हॅन आहे आणि प्रायव्हेट यूजवाली वेगळी पण आहे, जरा खाली स्क्रोल करा की. नाही करणार. बाहेर चहाच्या टपरीवर उभा असलेल्या एजंटला मात्र तोच क्लास एका मिनिटात सापडतो, कसा काय ते देवाला ठाऊक आणि आपल्यालाही.

आणि २०२१ साली आपल्याच सरकारनं कॅराव्हॅन, म्हणजे असल्याच राहायच्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलंय, हे विसरू नका. कॅराव्हॅन घेऊन फिरा, महाराष्ट्र बघा. कसं बघू? गाडी आरटीओच्या आवारात उभी आहे, तेवढाच महाराष्ट्र बघून झालाय आतापर्यंत!

टॅक्सबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणारच. पहिल्या मालकानं कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स भरलाय, म्हणजे नावाप्रमाणं गाडीच्या आयुष्यभराचा. पण गाडीनं राज्य ओलांडलं की तिचं आयुष्य परत सुरू होतं वाटतं, कारण इकडं पुन्हा भरा. तो कशावर काढायचा तर मूळ बिलावर. आता या गाडीचं बिल एक नाही ना, चेसिसचं वेगळं आणि मागची बॉडी ज्यानं बांधली त्याचं वेगळं, आतले बेड-ओटा त्यात धरायचे की नाही यावर एका खिडकीवर एक आकडा, दुसऱ्या खिडकीवर दुसरा, आणि दोघांपैकी कोणी लिहून द्यायला तयार नाही, नुसतं तोंडी. लेखी मागितलं की "साहेब आले की बघू".

२०१७ ला जीएसटी आला तेव्हा एक देश एक कर म्हणून केवढा गाजावाजा. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा गेल्या, चांगलं झालं, मान्य. पण गाडीवरचा कर राज्यघटनेत राज्यांच्या यादीत आहे, तो कुठलंच राज्य सोडणार नाही, दुभती म्हैस कोण सोडेल. त्यात भर म्हणजे बीएच सिरीज. सगळ्या देशात एकच नंबर, किती छान, पण कोणाला? सरकारी नोकर, लष्करवाले, नाहीतर चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीचे लोक. माझं किराणा दुकान आहे हो, त्याची शाखा शेजारच्या गल्लीत पण नाही, मी काय करू?

मधल्या काळात जुन्या केए नंबरवर फिरायचं, म्हणजे प्रत्येक चौकात शिट्टी. "कर्नाटकची गाडी? बाजूला घ्या." सगळी कागदपत्रं दाखवा, एनओसी दाखवा, टॅक्स भरल्याची पावती दाखवा, तरी ट्रॅफिकवाला गाडीभोवती चक्कर मारतो आणि शेवटी विचारतो, आत बाथरूम पण आहे का? आहे, या बघायला!

इन्शुरन्सचं पण तसंच, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सवलत, जुन्या मालकाकडं राहिला, तो नियमच आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत रिफंडला आहे. कर्नाटकात राहिलेल्या वर्षांचा टॅक्स परत मिळतो, पण आधी इकडचा पूर्ण भरायचा, नवं आरसी यायची वाट बघायची, मग ते घेऊन तिकडं मागायला जायचं. म्हणजे दोन्ही सरकारांकडं पैसे माझ्याच गाडीचे आणि रांगेत पण मीच. त्यात काल कळलं की त्या अर्जावर ज्यानं टॅक्स भरला त्या पहिल्या मालकाची सही लागेल म्हणे. त्याला फोन लावला. गाडी विकून तो कॅनडाला गेलाय.