बस रिकामी दिसते म्हणून बंद करायची?

आमच्या व्हाइटहॉर्समध्ये हा वाद दर हिवाळ्यात निघतो. कुणीतरी रात्रीच्या वेळी रिकाम्या धावणाऱ्या बसचा फोटो टाकतं आणि खाली विचारतं, आमच्या कराच्या पैशातून हे कशाला? मग खाली पन्नास लोक माना डोलावतात. यंदा मला गप्प राहवलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण इथल्या आपल्या मंडळींतलेही काही जण त्या माना डोलावणाऱ्यांत आहेत.

तिकडच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडी ओळख. व्हाइटहॉर्स ही कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉनची राजधानी, अलास्काच्या शेजारी. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या २८ हजारांच्या आसपास, आणि शहराची हद्द ४०० चौरस किलोमीटरहून मोठी. म्हणजे साधारण मुंबई महापालिकेएवढी जागा आणि माणसं मात्र एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. दुकानं, कचेऱ्या, बाजार खाली नदीकाठी. राहायच्या वस्त्या वरच्या पठारावर किंवा नदीपलीकडे, पोर्टर क्रीक, कॉपर रिज, व्हिसल बेंड, रिव्हरडेल अशा विखुरलेल्या, आणि अनेक ठिकाणी दोन वस्त्यांच्या मधे चक्क जंगल. अशा ठिकाणी बस चालवणं महाग पडणारच. लांबचा फेरा, थोडे उतारू. हे मला मान्य आहे.

पण ही बस सुरू कुणी केली, ते फोटो टाकणाऱ्यांनी एकदा वाचावं. १९७०च्या दशकाच्या मध्यात इथे सार्वजनिक बस नव्हती. घरात गाडी एक, ती नवरा सकाळी कामावर घेऊन जायचा. पोराबाळांना घेऊन बायको दिवसभर घरात. दवाखाना, बाजार, नोकरी, सगळंच अडलेलं. तेव्हा इथल्या बायकांनी एकत्र येऊन ‘युकॉन विमेन्स मिनीबस सोसायटी’ काढली आणि १९७६ साली छोट्या बस रस्त्यावर आणल्या. चालवायलाही बायकाच. पुढे शहराने ती सेवा आपल्याकडे घेतली. आज आपण जिला सिटी बस म्हणतो तिचं मूळ हे. ज्यांच्या हातात गाडीची किल्ली नव्हती त्यांनी ती स्वतःसाठी उभी केली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, आणि मी तर इथे जन्मलेलीही नाही.

आज किल्ली कुणाच्या हातात नाही? सकाळच्या बसमध्ये चढून बघा. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या फिलिपिनो ताया, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाया, युकॉन युनिव्हर्सिटीची मुलं, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून गाडी सोडलेले आजोबा, आणि नॉमिनी प्रोग्रामवर, म्हणजे युकॉन सरकारच्या शिफारशीने इथे स्थायिक व्हायच्या योजनेवर, आलेली आपली पंजाबी, गुजराती, मराठी पोरं. नवीन आलेल्याला भारतातलं लायसन्स इथे तसंच बदलून मिळत नाही, परीक्षा द्याव्या लागतात. जुनीपानी गाडी घेतली तरी विमा, बर्फाचे टायर, आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर विजेवर लावून ठेवायचा हीटर. किमान पगारावर हे सगळं पहिल्या वर्षी जमत नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत कामाचा प्रश्न नंतर आला. आधी विचारलं गेलं, ‘गाडी आहे का?’ नाही म्हटल्यावर समोरच्या बाईंनी कागद बाजूला ठेवला. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्याने बस जायची. फक्त त्यांची पाळी संपायची तेव्हा बस नसायची.

सगळं अडतं ते इथेच. मी २०१७ साली आले तेव्हा रविवारी बसच नव्हती. दुकानं उघडी, हॉटेलं चालू, दवाखाना तर चालूच, आणि तिथे काम करणाऱ्यांनी जायचं कसं? टॅक्सीला अर्ध्या पाळीची कमाई जाते. मग लोक चालायचे. डिसेंबरात इथे सूर्य सकाळी अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि पाच वाजायच्या आत मावळतो. उणे तीसमध्ये थांब्यावर उभं राहिलं की आधी पापण्यांवर दव गोठतं, मग श्वासाने मफलरची कड कडक होते. सगळ्यात वाईट म्हणजे फोन. बस कुठवर आली ते ॲपवर बघायला फोन खिशातून काढला की थंडीने बॅटरी मरते, आणि अर्धी भरलेली दाखवणारा फोन हातात बंद पडतो. म्हणून मी जुन्या लोकांसारखं वेळापत्रक पाठ केलंय. म्हणूनच ‘ॲप आहे ना, फेऱ्या थोड्या कमी झाल्या तर काय बिघडलं’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. उणे तीसमध्ये अर्धा तास आणि तास यांत फार मोठं अंतर आहे.

पैशांचं म्हणाल, तर तिकिटाच्या पैशांत शहरातली बस जगात क्वचितच चालते. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या गाड्यांचं तिकीट कोण काढतं? तो खर्च आपण सगळे देतो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्यात आपला वाटा भरतो. मग त्याच्या बसच्या वेळीच हिशेबाची वही का निघते?

मी पाटण तालुक्यातली. आमच्या गावाला मुक्कामी एसटी यायची. रात्री शेवटची गाडी येऊन थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, बाजाराच्या पाट्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन सुटायची. रात्री येताना ती जवळपास रिकामी असायची. भारमान कमी म्हणून ती रात्रीची फेरी काढली असती, तर पहाटेची भरलेली गाडी सुटली असती कुठून? इथेही हेच आहे. संध्याकाळी परतायची खात्री नसेल तर माणूस सकाळी बसने निघतच नाही. रात्रीची फेरी काढली की सकाळची ओस पडते, मग ती काढायला कारण मिळतं. तिकडे कोकणात, विदर्भात कितीतरी गावांनी हे भोगलंय.

आणि उत्तरेत बस गेली की काय होतं, ते आम्ही शहराबाहेर बघितलंय. २०१८ साली ग्रेहाउंड या लांब पल्ल्याच्या बस कंपनीने ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकहून व्हाइटहॉर्सला येणारी गाडी बंद केली, आणि त्याच वर्षी पश्चिम कॅनडातल्या जवळजवळ सगळ्याच गाड्या. कारण तेच, उतारू कमी. व्हँकुव्हर इथून रस्त्याने सुमारे २,४०० किलोमीटर. विमान परवडत नाही त्याने काय करायचं? रस्त्यावर अंगठा दाखवून लिफ्ट मागायची. बेपत्ता झालेल्या आणि हत्या झालेल्या मूलनिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय चौकशीची पहिली जनसुनावणी मे २०१७मध्ये इथेच, व्हाइटहॉर्सला झाली. २०१९च्या अहवालात दुर्गम भागातल्या बायकांसाठी सुरक्षित, परवडणाऱ्या वाहतुकीची स्पष्ट मागणी आहे. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात हायवे १६वर किती बायका नाहीशा झाल्या, तेव्हा कुठे २०१७मध्ये तिथल्या गावांना जोडणाऱ्या बस सुरू झाल्या. थांब्यावर एकटी उभी असलेली बाई वेळेवर घरी पोचते का, यावरही बस मोजली पाहिजे. माझ्यासाठी तर ते पहिलं माप आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नवी चकाचक गाडी उशिरा आली तरी चालेल, आधी फेऱ्या सांभाळा. दुकानांच्या आणि दवाखान्याच्या पाळ्या संपतात त्या वेळा विचारून वेळापत्रक बनवा. रविवार आठवड्यातच येतो, त्याला वेगळा नियम लावू नका. आणि ज्या थांब्यांवर नुसता खांब आहे तिथे वाऱ्याला आडोसा करा. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी जानेवारीतला एक आठवडा गाडी घरी ठेवून बसने यावं, हीही माझी मनापासून विनंती आहे. चालकांशी बोला. माझ्या रोजच्या बसच्या चालक बाई आरशात पळत येणारं माणूस दिसलं की थांबतात, आणि कोण कुठल्या थांब्यावर रोज उतरतं ते त्यांना तोंडपाठ आहे. कुठली फेरी का लागते हे त्या कुठल्याही सल्लागारापेक्षा नीट सांगतील.

नगरपरिषदेच्या सभेत आपल्याला उभं राहून बोलता येतं. बजेटच्या वेळी मी बोलणार आहे. व्हाइटहॉर्समधल्या मराठी मंडळींनो, तुम्ही कुठे काम करता ते सांगायची गरज नाही. पाळी किती वाजता सुरू होते, किती वाजता संपते आणि राहता कुठल्या वस्तीत, एवढंच मला मेसेज करा. सोबतच्या फिलिपिनो, पंजाबी मैत्रिणींनाही विचारा. मी सगळ्यांच्या वेळा एका कागदावर मांडून घेऊन जाईन.